वाचक उठतो ते पान

साताऱ्यात मला खोली मिळाली ती पगारावर किंवा ओळखीवर नाही, तर वाचताना कुठं उठले ते माझ्या लक्षात राहतं या एकाच गुणावर. मी दातांची डॉक्टर. शिकले सांगलीत, आणि पहिली नोकरी लागली साताऱ्यातल्या एका दवाखान्यात. अजिंक्यताऱ्याच्या चढावर एका घराच्या वरच्या मजल्यावर जागा आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून धापा टाकत तिथं पोचले. दार उघडलं ते एका उंच, किंचित वाकलेल्या म्हाताऱ्यानं. अंगात बंडी, कानावर पेन्सिल आणि पायात गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट. मला वाटलं, घरात पाणी शिरलंय.

"शाकाहारी का मांसाहारी, रात्री किती वाजता येणार, ते सगळं आमची ही विचारेल," ते म्हणाले. "मी एकच विचारतो. वाचताना मध्येच उठायची सवय आहे?"

"कंटाळा आला तर उठते," मी म्हणाले.

"आणि कुठं उठलीस ते लक्षात राहतं?"

"राहतं की."

"सामान घेऊन ये," ते म्हणाले आणि गमबूट वाजवत आत गेले.

मी त्यांना काका म्हणायला लागले. काका पाटबंधारे खात्यात अभियंता होते. सारी नोकरी कालव्यांच्या काठानं झालेली. निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी कादंबरी लिहायला बसले. काकू म्हणतात दुसऱ्या नव्हे, त्याच दिवशी, सत्काराचा हारसुद्धा गळ्यातून काढला नव्हता. मी राहायला गेले तेव्हा कादंबरी लिहून बरीच वर्षं झाली होती आणि दुरुस्ती चालू होती. दुरुस्तीला बसायचं म्हणजे गमबूट घालायचे. का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "लिहिताना माणूस काठावर असतो. खोडताना चिखलात उतरावं लागतं." त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही, त्यामुळे हसावं की नाही ते मला कळलं नाही.

काकांची मत घेण्याची पद्धत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. ते एकेका प्रकरणाची झेरॉक्स काढून लोकांना वाटायचे. शेजारी, भाडेकरू, काकूंच्या भिशीतल्या बायका, मेडिकलवाला, कुणीही चालायचं. "आवडलं का?" असं ते कधीच विचारत नसत. त्यांच्या मते तो प्रश्न म्हणजे समोरच्याला खोटं बोलायला लावणं होतं. ते विचारायचे, "उठलात कुठं?" पाणी प्यायला, फोन घ्यायला, गॅस बंद करायला, कशालाही उठलात तरी ते पान सांगायचं. फोन आला म्हणून उठले, असं सांगून सुटका नव्हती. "चांगलं चाललं असतं तर वाजू दिला असता," असं म्हणून ते त्या पानाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं फुली मारायचे. चार लोक एकाच पानावर उठले की ते पान गेलंच म्हणून समजा.

वाचक बोलायला लागला की काका उभे राहायचे. हात मागे, मान किंचित खाली. मग वाचक विशीतला असो की सत्तरीतला. वाद घालायचा नाही, खुलासा करायचा नाही, "अहो पण ते पुढच्या प्रकरणात येतं" असं तर मुळीच म्हणायचं नाही. "वाचकाला कंटाळा आला म्हणाला तर आलाच. त्याच्या कंटाळ्याचा पंचनामा करणारा मी कोण?" असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरा नियम असा, की लेखकानं आपलं लिखाण स्वतः वाचून दाखवायचं नाही. पानावर नसलेलं सगळं तो आवाजानं भरून काढतो. म्हणून ज्याला कुणाला ऐकायचं असेल त्याला तिसऱ्यानंच वाचून दाखवायचं. मोबाइलवर प्रकरण पाठवा म्हणणाऱ्या एका मुलाला त्यांनी एकदा पाठवलं. त्यानं उत्तरादाखल उभा अंगठा पाठवला. काका दोन दिवस बेचैन. "वाचायला दिलं तर अंगठा दाखवतो म्हणजे काय!"

आमच्याकडे सातारा-सांगलीत कुणाचा मान करायचा तर टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायची रीत आहे. सोयरा येऊ दे, सरपंच येऊ दे, शर्यतीत बैल पहिला येऊ दे, टॉवेल-टोपी ठरलेली. काकांनी ही रीत वाङ्मयात आणली. जो वाचक कौतुक करेल त्याला नुसता चहा. जो चूक दाखवेल त्याला टॉवेल, टोपी, नारळ, आणि बाई असेल तर खण. "कौतुक म्हणजे पाहुणा," ते म्हणायचे. "चहा पाजावा आणि वाटेला लावावा. चूक मात्र घरात ठेवून घ्यावी." गल्लीत कुणी कोरी टोपी घालून फिरताना दिसला की लोक ओळखायचे, काकांचं आणखी एक प्रकरण पडलं.

व्हायचं तेच झालं. लोक टोपीसाठी चुका काढायला लागले. शेजारच्या मुख्याध्यापकांना नायकाचं विडी ओढणं खटकलं, म्हणून विडी गेली. विमा एजंटला नायिका फार रडते असं वाटलं आणि भिशीतल्या बायकांना ती पुरेशी रडत नाही असं वाटलं. काका कुणालाच नाही म्हणत नसल्यामुळे एका खर्ड्यात ती एका पानावर रडायची आणि पुढच्या पानावर डोळे पुसून भाकरी थापायला बसायची. मी ते प्रकरण वाचताना इतक्या वेळा उठले की शेवटी उभ्यानंच वाचलं.

तेव्हा मी त्यांना माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. पेशंट गाल धरून येतो, वरच्या दाढेवर बोट ठेवतो आणि काढा म्हणतो. तपासावं तर वरची दाढ ठणठणीत, कीड खालच्या दाढेत. कळ खरी असते, पण बोट भलतीकडे असतं.

काकांनी कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली. "म्हणजे दुखतंय हे त्याचं बरोबर. कुठं, ते मी शोधायचं?"

"आमच्यात तरी तसंच करतात."

ते उठून आत गेले आणि टॉवेल-टोपी घेऊन आले. बाई असून मला खण न देता टोपी दिली, कारण हा मान म्हणे डॉक्टर म्हणून होता. ती घालून मी जिना चढले आणि काकू खालून हसत राहिल्या. त्यानंतर पावसाळाभर काका गमबूट घालून बसले आणि लोकांच्या सांगण्यावरून भरलेलं सगळं उपसून बाहेर टाकलं. नायकाला विडी परत मिळाली.

कळ मात्र एका जागी राहिलीच. शेवटच्या प्रकरणात.

कादंबरी एका फौजीची होती. फौजी म्हणजे काकांचे थोरले भाऊ, हे कुणी न सांगताही कळायचं. काकांचं सगळं शिक्षण या भावाच्या फौजेतल्या पगारावर झालं. पुस्तकं, वसतिगृह, पहिला कोट, सगळं. भाऊ निवृत्त होऊन गावी आला, काही महिने घरी राहिला आणि एक दिवस कुठं नोकरी मिळते का बघून येतो म्हणून एसटीत बसला तो परत आलाच नाही. काकांनी रजा काढून शोधलं. पलटणीत चौकशी केली, दवाखाने पालथे घातले, पेपरात फोटो दिला. हाती काही लागलं नाही. गावात भावाची बायको, लहान लेक आणि म्हातारी आई राहिल्या. आई मी साताऱ्याला यायच्या कितीतरी आधी वारली.

जो भाऊ परत आला नाही त्याला काकांनी कादंबरीत मोठ्या मानानं मारलं होतं. पहिल्या खर्ड्यात तो सीमेवर पडला. वाचक म्हणाले, सगळं पटतं, पण हा माणूस मेला असं वाटत नाही. मग त्याला भावकीच्या मारामारीत मधे पडून मारलं. वाचक म्हणाले, अजून नाही वाटत. मग कृष्णेच्या पुरात दुसऱ्याची लेकरं काढता काढता बुडवलं. हे प्रकरण फार सुंदर उतरलं होतं, मी स्वतः वाचताना रडले. काकांनी विचारलं, "पटलं?" मी डोळे पुसत म्हणाले, "रडू आलं काका, पण तो पुढच्या गावाला कुठंतरी काठाला लागला असेल असं वाटत राहतं." काकांनी मुकाट्यानं नारळ आणून दिला.

अशात पुण्याच्या एका प्रकाशकाचा फोन आला. हस्तलिखित आवडलंय, छापतो, पण शेवटचं प्रकरण उभं राहत नाही, तेवढं करून द्या. काका त्या वेळी पंचाहत्तरीच्या घरात होते. इतक्या वर्षांच्या खटाटोपाचं पुस्तक व्हायला एका प्रकरणाचा अडसर. आमच्या घरात जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. काका जेवायला बसले आणि भाकरीचा तुकडा हातात धरून राहिले.

काकू म्हणाल्या, "सगळ्या साताऱ्याला वाचायला दिलीत. वैनींना कधी देणार?"

काकांनी तुकडा ताटात परत ठेवला. पाटबंधाऱ्यात मोठमोठ्या ठेकेदारांना दम देणारा हा माणूस एका वाचकाला घाबरत होता. आणि मला ते समजत होतं. वहिनी अजून कुंकू लावत होत्या, गळ्यात मंगळसूत्र होतं. ज्या माणसाच्या नावानं त्या ते घालत होत्या त्याला यांनी तीन तऱ्हांनी मारलेलं होतं.

शेवटी एका रविवारी माझ्या गाडीतून काका आणि मी गेलो. कराडच्या पुढं, नदीकाठचं ऊसकरी गाव. वहिनी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, काटक, डोळ्यांना चष्मा आणि चष्म्यावरून बघायची सवय. वाचता येत होतं, पण एवढं बारीक अक्षर आता दिसत नाही म्हणाल्या. म्हणजे नियमाप्रमाणे वाचायचं मीच. काका खांबाला पाठ लावून हात मागे घेऊन उभे राहिले.

"आवं भावजी, बसा की. शाळंत शिक्षा केल्यागत उभं काय ऱ्हायलाय?"

"मी बरा आहे वैनी. तुम्ही ऐका."

सुरुवातीच्या प्रकरणांना वहिनी खळखळून हसल्या. दोन भावांचं नदीत पोहणं, आईचा मार, फौजेत भरती व्हायच्या दिवशी भावाला मापाचे बूट मिळेनात तो प्रसंग. मग भाऊ निघून जातो, आणि त्याची बायको वाट बघायला लागते. ती प्रकरणं मी जरा भारावूनच वाचत होते. तिन्हीसांज, उंबरा, दाराच्या चौकटीला टेकलेली ती आणि लांब जाणारा रस्ता.

"थांब गं बाई," वहिनी म्हणाल्या. "ही दारातली कोन?"

मी काकांकडे पाहिलं. ते बोलणार नव्हते. "नायकाची बायको," मी म्हणाले.

"म्हंजी मीच की."

"तसं नाही, कादंबरीत थोडं..."

"मीच हाय. पायातली जोडवीसुदीक माजीच हाईत. पन ही दिसभर दारात उभी ऱ्हाऊन करती काय? सांज झाली, दारात. दिवाळी आली, दारात. पावसुळा आला तरी बया दारातच. हिच्या म्हशीची धार कोन काडतं?"

"ती वाट बघते आहे," मी जरा हळूच म्हणाले.

"पयल्या वर्साला बघितली. मग उसाची लागन आली."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. वहिनींनी सूप बाजूला ठेवलं आणि काकांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुमी वर्साला दिवाळीचं चार दिस येत हुता. तुमी आला की मी दारात हुते, ते खरं हाय. पावना आला की मानूस दारात येतंच. तुमी तेवढंच बघितलं."

इतक्या वर्षांत इतक्या वाचकांनी नायिकेच्या रडण्यावर बोट ठेवलं होतं, ती जास्त रडते, कमी रडते. ती मुळात त्या दारात नव्हतीच हे कुणाला ठाऊक असणार? काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "वैनी, कुठल्या पानावर उठावंसं वाटलं?"

"मी कशाला उटते? ही बाई कवा बसती त्येची वाट बघत हुते."

त्यानंतर काकांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना कायम मानत आले. प्रकाशकाला फोन करून सांगितलं की शेवटचं प्रकरण नाही, अर्धी कादंबरी पुन्हा लिहावी लागेल, वेळ लागेल. प्रकाशक म्हणाले, अहो बाकीचं चांगलं आहे. काका म्हणाले, "चांगलं आहे, पण खरं नाही." आणि पंचाहत्तरीतला तो माणूस गमबूट पिशवीत घालून एसटीनं गावाकडं जायला लागला. आठवड्यातले दोन-तीन दिवस तिथंच. वहिनी मोटर चालू करायला निघाल्या की मागून हे. त्या पाण्याची पाळी धरून सरीतून चालायच्या, हे चिखलातून मागे मागे, आणि त्या सांगतील ते ऐकायचं. आयुष्यभर कालवे काढले, पण कालव्यातलं पाणी पुढं शेतात कसं फिरवतात ते मी कधी थांबून बघितलं नव्हतं, असं त्यांनी मला एकदा सांगितलं.

वहिनींना सुरुवातीला याचा फार संकोच वाटायचा. गावात लोक हसतात म्हणायच्या. मग त्याही सरावल्या. सासू आजारी असताना ऊस तोडणीला आला आणि टोळी येईना तेव्हा त्यांनी काय केलं, भावकीनं बांध कोरला तेव्हा कुणाला काय सुनावलं, लेकीच्या लग्नात कन्यादानाला कोण बसणार यावरून सोयऱ्यांशी कशा भांडल्या, सगळं त्यांनी सांगितलं. नवी प्रकरणं यायला लागली. पहिलं वाचलं त्या दिवशी माझं दूध उतू गेलं आणि मी उठले नाही. गॅसवर सगळा राडा. मी ते जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी चहा पाजला.

मग परत एका रविवारी आम्ही तिघं त्याच सोप्यात. मी वाचते आहे, वहिनी ऐकताहेत, काका खांबाशी उभे. या खेपेला त्या मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होत्या. एकदा पदरानं डोळे पुसले. मग शेवटचं प्रकरण आलं. ते काकांनी तसंच ठेवलं होतं, पुराचं. भाऊ पाण्यात उतरतो, पहिलं लेकरू काढतो, दुसरं काढतो. वहिनींचे हात थांबले.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पुरात न्हाई गेले ते."

मी कागद खाली घेतले.

"आत्तींच्या डोळ्याचं मिरजंला आपरेशन केलं तवा दिसले मला."

आत्ती म्हणजे त्यांच्या सासूबाई, काकांच्या आई. भाऊ जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. काकांची तेव्हा बदली विदर्भात होती, म्हणून वहिनी एकट्याच सासूला घेऊन मिरजेला गेल्या होत्या. मी काकांकडे बघू शकले नाही.

"आत्तींच्या डोळ्याला पट्टी हुती. त्यास्नी धरून वऱ्हांड्यात बाकावर बसवलं. आन समोरनं हे आले. खांद्यावर लेकरू, तापानं फणफनलेलं. संगं एक बाई, केसपेपर घिऊन पळत हुती. हे लेकराला गप करत हुते, कानडीत. आत्तींनी मान वळवली. म्हनल्या, कोन गं त्यो? आवाज आपल्यातला वाटतोय. मी म्हनलं, कानडी मानूस हाय, आत्ती."

मीच कसंबसं विचारलं, "त्यांनी पाहिलं तुम्हाला?"

"बघितलं की. आत्तींनाबी बघितलं. उभंच ऱ्हायले. मला वाटलं आता बोलत्यात. मग लेकरू रडाय लागलं."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलू? लेकराला ताप हुता गं. तापातल्या लेकराच्या बापाला कसं धरून आनू?"

त्या पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. "आत्ती हुत्या तवर त्यांच्यासाटी गप ऱ्हायले. त्या गेल्यावर कुनी इचारलंच न्हाई. आज तुमी बुडवाय लागला म्हून बोलले. बुडवू नका त्यास्नी, भावजी."

काका उभेच होते. माझ्या मनात त्या वेळी शंभर प्रश्न होते. कुठल्या गावचा झाला, पुन्हा गेला का कुणी शोधायला, इतकी वर्षं कसं गिळलंत हे. काकांनी त्यातला एकही विचारला नाही. त्यांचा आवाज आला तो मला ओळखू आला नाही.

"बारीक झाला होता का, वैनी?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "दाढी वाडलेली. पन चाल तीच."

काकांनी मान हलवली आणि अंगणात जाऊन उभे राहिले. आम्ही निघताना वहिनी त्यांना म्हणाल्या, "लिवायचं तर लिवा. माजं आता काय जानार हाय?"

कराड मागं पडलं. मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, काका, हाच शेवट. म्हणूनच तो कधी मेला नाही, तुम्ही कितीही मारलंत तरी. ते म्हणाले, "हो. शेवट हाच आहे." आणि त्यांनी तो लिहिला. त्यांच्या हातून उतरलेली सगळ्यांत चांगली पानं ती, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. वऱ्हांडा, पट्टी बांधलेली आई, आईनं ओळखलेला आवाज. मी वाचून खाली गेले आणि काही न बोलता त्यांच्या पाया पडले. आयुष्यात मी फार कमी लोकांच्या पाया पडले आहे.

आणि प्रकाशकाला हस्तलिखित गेलं ते त्या पानांशिवाय.

पूरही काढला होता. कादंबरी संपते ती वहिनी उसाला पाणी देऊन परत येतात तिथं. भावाचं काय झालं ते कळतच नाही. प्रकाशक कुरकुरले, पण बाकीचं इतकं चांगलं झालं होतं की छापलं. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी दोघांना विचारलं. वहिनी म्हणाल्या, नावं घालू नको म्हंजी झालं. काकांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "कादंबरीत आमचं गाव आहे, घर आहे, आडनाव आहे. तुझ्या लेखात मी कुणीही म्हातारा. चालेल." खुणेचे तपशील बदलून घेतले. शिवाय माझे दोन परिच्छेद कापायला लावले, ज्यांत त्यांचं कौतुक जास्त होतं. त्या पानावर ते उठले होते म्हणे.

पुस्तकावर सांगलीत एक कार्यक्रम झाला. काकांना मीच घेऊन गेले. लोक चांगलं बोलले. मग मागच्या रांगेतली एक कॉलेजातली मुलगी उठली. ती म्हणाली, "सर, मला पुस्तक खूप आवडलं, पण शेवटी तुम्ही आम्हाला फसवलंत. एवढा जीव लावलेला माणूस, त्याचं काय झालं ते सांगायला तुम्ही घाबरलात असं वाटलं." सभागृहात चुळबूळ झाली. एक-दोघांनी माना डोलावल्या. काका तिच्यासमोर उभे होते, हात मागे, मान खाली. मी त्यांना इतकी वर्षं असं उभं राहून ऐकताना पाहिलं होतं, आणि दर वेळी शेवटी ते म्हणायचे, बघतो, बदलतो. मी वाट बघत राहिले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. त्यापुढे काहीच बोलले नाहीत.

परतताना मी चिडलेली होते. मुलीवर नाही, काकांवर. "वहिनींनी परवानगी दिली. पानं लिहून तयार आहेत. मग लोकांचं बोलणं कशासाठी खाऊन घेता? दुसऱ्या आवृत्तीत घाला ना ती."

"त्या शेवटात एक वाचक आहे," काका म्हणाले. "त्याला मी विचारलेलं नाही."

"कोण?"

"ते लेकरू. पस्तिशीचं असेल आता. माझ्या भावाचं मूल आहे ते. आपला बाप कुणाला टाकून आला होता, हे त्याला माझ्या पुस्तकातून कळायचं?"

"तो कानडी वाचत असेल, काका. मराठी नाही."

"असेल. नसेलही. बाप मराठी होता त्याचा." ते जरा थांबले. "त्याला वाचायला देऊन, समोर उभं राहून ऐकता आलं असतं, तर छापलं असतं. ते व्हायचं नाही. मग पुस्तक अर्धवट राहिलं तर राहू दे."

एवढी वर्षं ज्या पुस्तकासाठी घालवली ते कायमचं अधुरं ठेवायचं, आणि का ठेवलं ते कुणाला सांगायचंही नाही, हे मला जमलं नसतं. फार थोड्यांना जमलं असतं. मी गाडी चालवत राहिले. काका खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, झोपले.

"तू डॉक्टर आहेस म्हणून विचारतो," ते एकदम म्हणाले. "उतरला असेल ना गं ताप त्याचा?"

"उतरला असणार, काका," मी म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी उतरला असणार."